गरज, हौस आणि समाधान
(इयत्ता पाचवी ते सातवी : गणित, इतिहास व कार्यानुभव यांच्या अनुबंधाने घ्यावयाचा पाठ)

मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘काटकसर’ हा विषय वर्षातून एकदा तरी येतोच. तो तास कसा होतो, हे शाळाभेटींच्या निमित्ताने मी पुष्कळदा पाहिले आहे. गुरुजी फळ्यावर सुविचार लिहितात, मुंगी आणि टोळ यांची गोष्ट सांगतात, ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा अर्थ विचारतात. मुले तो एका सुरात सांगतात आणि तास संपतो. मधल्या सुटीत तीच मुले शाळेसमोरील टपरीवर दहा रुपयांचा पुडा फोडीत असतात. पुड्यातील खेळणे काढून घेऊन अर्धा खाऊ मातीत टाकणारेही त्यांत असतात. यात मुलांचा दोष नाही. सुविचार म्हणण्यासाठी आणि पुडा घेण्यासाठी, अशी वाटणी त्यांनी मनाशी केलेली असते, आणि ती मोडावी असे आपण त्या तासात काही केलेले नसते.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा विषय सुविचाराच्या फळ्यावरून उतरवून मुलांच्या हातात कसा देता येईल, यासंबंधी काही विचार आणि एका पाठाची रूपरेषा येथे देत आहे. काटकसरीचा हेतू केवळ पैसा साठविणे हा नव्हे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. दुसऱ्याजवळची वस्तू पाहून मन सारखे कुरतडू नये, जवळ जे आहे त्याचा पूर्ण उपयोग करून घेण्यात गोडी वाटावी, आणि जे घ्यावयाचे ते विचारपूर्वक घेता यावे, ही मनाची घडण व्हावी, यासाठी हा पाठ आहे. अशी घडण उपदेशाने होत नाही. हिशेब, प्रश्न आणि हातांचे काम या तीन वाटांनी ती थोडीफार होते, असा माझा अनुभव आहे.

पाठापूर्वी एक सावधगिरी

आपल्या वर्गात चाळीस मुले असतील, तर त्यांतील काहींच्या घरी अनावश्यक खरेदीचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या मुलाजवळ एकच गणवेश आहे आणि तो रात्री धुऊन सकाळी दमट असतानाच अंगावर चढवावा लागतो, त्याला साधी राहणी शिकविण्याचा आपणास काय अधिकार? त्याच्या वाट्याला आलेले दारिद्र्य आणि एखाद्याने समजून-उमजून पत्करलेला साधेपणा यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. हे अंतर शिक्षकाच्या मनात स्पष्ट नसेल, तर काटकसरीचा पाठ गरिबाला ‘आहे त्यात गप्प राहा’ असे सांगणारा पाठ होतो. असा पाठ न घेतलेला बरा.

आणखी एक समज आपण नकळत वर्गात आणतो. शेतकरी आणि मजूर कर्जात बुडतात ते लग्नकार्यांतील उधळपट्टीमुळे, असे आपण सहज बोलून जातो. हा समज जुना आहे, आणि त्याची तपासणीही जुनी आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, कर्जखते हस्तगत करून जाळली, आणि हे लोण पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पोहोचले. त्याच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेल्या आयोगाने कर्जबाजारीपणाच्या कारणांचा शोध घेतला. लग्ने आणि सणसमारंभ यांवरील खर्चाला या बाबतीत वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेले आहे, असाच त्या आयोगाचा निर्वाह होता. असे प्रसंग क्वचित येतात, आणि अनेक वर्षांचा विचार करता तो खर्च त्या माणसाच्या स्थितीला फारसा न शोभणारा ठरत नाही, असे त्यांनी नमूद केले. तो आयोग परक्या सरकारने नेमलेला होता. शेतकऱ्याची बाजू घेण्याचे त्यांना काही विशेष कारण नव्हते. सारामाऱ्याचा भार, पावसाची बेभरवशाची स्थिती आणि सावकारी व्याज ही कारणे त्यांच्याही नजरेतून सुटली नाहीत. तेव्हा वर्गात बोलताना ‘तुमचे आईबाप उधळे आहेत’ असा सूर चुकूनही लागता कामा नये. मुलाचे घर हे त्याच्या दृष्टीने न्यायालयात उभे करण्याची जागा नाही.

याच कारणास्तव मुलांकडून त्यांच्या घरचा जमाखर्च मागवू नये. पाठासाठी एक काल्पनिक कुटुंब घ्यावे. आई, वडील, आजी आणि दोन मुले. दीड एकर जिरायत, एक शेळी, आणि मजुरी. त्या कुटुंबाची एक महिन्याची यादी शिक्षकांनी आधीच तयार ठेवावी.

विषयप्रवेश

यादीतील वीस वस्तू फळ्यावर लिहाव्यात : ज्वारी, तेल, मीठ, चहापूड, साबण, मुलीची वही, आजीचे औषध, मोबाईलचे रिचार्ज, शीतपेयाची बाटली, नवी चप्पल, डोक्याला लावावयाचे सुगंधी तेल, गणपतीच्या वर्गणीचे पैसे, आणि अशाच इतर. मग मुलांना त्यांचे ‘गरज’ आणि ‘हौस’ असे दोन भाग करावयास सांगावे.

पहिल्या पाच मिनिटांतच वाद सुरू होईल, आणि तो व्हावा हीच अपेक्षा आहे. रिचार्ज ही गरज की हौस? वडील ऊसतोडीला परजिल्ह्यात गेले असतील, तर आजीशी बोलण्यासाठी ती गरज आहे. रात्री दोन तास चित्रफिती पाहण्यासाठी असेल, तर हौस. दहा रुपयांचा पुडा हौसच, असे बहुतेक मुले म्हणतील. परंतु एका द्विशिक्षकी शाळेत सहावीतील एका मुलीने मला सांगितले, की आई पहाटे खुरपणीला जाते, तेव्हा सकाळी पोटाला आधार म्हणून तोच असतो. वर्ग गप्प झाला. वस्तूवर ‘गरज’ वा ‘हौस’ असा शिक्का मारलेला नसतो. कोणाला, केव्हा आणि कशासाठी, यावर ते ठरते. हे शिक्षकांनी सांगण्यापेक्षा वादातून निघू द्यावे.

हौसेला गुन्हा ठरवू नये, हेही येथेच सांगतो. जत्रेत घेतलेली पिपाणी, दिवाळीचा आकाशकंदील, बहिणीच्या बांगड्या ही हौस आहे आणि ती घराला हवी असते. वर्षातून चारदा केलेली हौस आठवणीत राहते, रोजची राहत नाही. मुलांना विचारून पाहा : मागील जत्रेत काय घेतले? लगेच सांगतील. मागील बुधवारी टपरीवर काय घेतले, ते बहुधा आठवणार नाही.

एका झग्याची गोष्ट

यानंतर एक गोष्ट सांगावी. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये देनी दिदेरो नावाचे मोठे लेखक होऊन गेले. ज्ञानकोशाचे संपादक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. त्यांना एक किरमिजी रंगाचा उंची घरगुती झगा भेट मिळाला. त्यांचा जुना झगा अंगासरशी बसलेला होता. पुस्तकावरची धूळ त्यानेच पुसावी, लेखणीतील शाई उतरेना तर त्यालाच ती टिपावी, असा तो घरचा माणूस होता. नवा झगा अंगावर आला आणि खोलीतील वेताची खुर्ची त्यांना एकाएकी दरिद्री दिसू लागली. तिच्या जागी चामड्याची आरामखुर्ची आली. मग मेज बदलले, भिंतीवरील चित्रे बदलली, फळीच्या जागी कपाट आले. शेवटी नव्या सामानाने भरलेल्या खोलीत बसून त्यांनी जुन्या झग्याबद्दल खेद करणारा एक निबंध लिहिला.

ही गोष्ट संपताच ‘आपल्या गावात असे होते का?’ एवढाच प्रश्न विचारावा. उदाहरणे मुलेच देतील. नवा मोबाईल आला की त्याला कव्हर हवे, काच हवी, कानात घालावयाचे यंत्र हवे. भिंतीला नवा टीव्ही लागला की कोनाड्यातील जुना रंग खुपू लागतो. नवी वस्तू येताना एकटी येत नाही, आणि घरातील कालपर्यंत चांगल्या असलेल्या वस्तू ती जुन्या करून टाकते. असमाधानाची उत्पत्ती पुष्कळदा टंचाईतून न होता अशा एखाद्या नव्या आगमनातून होते, ही गोष्ट सातवीच्या मुलाला निश्चित कळते. जाहिरात हेच काम करीत असते. वस्तू विकण्यापूर्वी ती आपल्याजवळची वस्तू कमी प्रतीची आहे, असे आपल्या मनात भरवते.

गणिताचा भाग

या पाठाचा कणा गणित आहे. बाजारातील रिकामी वेष्टने मुलांकडून आणवावीत. त्यांवर वजन आणि किंमत छापलेली असते. बऱ्याच वेष्टनांवर आता एका ग्रॅमची वा मिलिलिटरची किंमतही देतात. ती झाकून मुलांकडून काढून घ्यावी आणि मग ताडून पाहावी. येथे शिक्षकांनी निकाल आधीच ठरवून बसू नये. मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते, असे आपण शिकवीत आलो. परंतु शांपूच्या बाबतीत कित्येकदा लहान पुडीच स्वस्त पडते, हे हिशेब केल्यावर आढळेल. बिस्किटाच्या पाच रुपयांच्या पुड्याची किंमत तीच राहिली आणि वजन मात्र वर्षानुवर्षे घटत आले, हेही जुने वेष्टन मिळाल्यास दाखविता येईल. मुलाने स्वतः भागाकार करून काढलेले उत्तर त्याच्या मनात जसे टिकते, तसे आपले सांगणे टिकत नाही.

सातवीसाठी पुढील उदाहरण मुद्दाम द्यावे. १२,००० रुपयांची वस्तू बारा मासिक हप्त्यांनी घेतली. प्रत्येक हप्ता १,१२० रुपयांचा. एकूण १३,४४० रुपये दिले, म्हणजे १,४४० रुपये जादा. विक्रेता म्हणतो, ‘फक्त बारा टक्के.’ खरेच बारा टक्के का? दरमहा मुद्दलाचे १,००० रुपये फिटत गेले असे धरा. म्हणजे पहिल्या महिन्यात १२,००० रुपये आपल्याकडे उसने होते, दुसऱ्यात ११,०००, आणि शेवटच्या महिन्यात अवघे १,०००. बारा महिन्यांची बेरीज ७८,०००, सरासरी ६,५००. तेव्हा वर्षभर सरासरीने ६,५०० रुपये वापरावयास मिळाले आणि त्यांवर १,४४० रुपये व्याज दिले. हा दर शेकडा बावीसहून थोडा अधिक पडतो. हे उदाहरण फळ्यावर सावकाश सोडवावे. ज्या दिवशी मी ते एका केंद्रशाळेत सोडवून दाखविले, त्या दिवशी मुलांपेक्षा मागे बसलेले दोन शिक्षकच अधिक वेळ आकडेमोड करीत बसले होते.

‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दाविषयीही मुलांना सांगावे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना पाठविलेल्या परिपत्रकात, शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असे स्पष्ट केले. क्रेडिट कार्डावरील अशा योजनांत व्याज पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने झाकून घेतले जाते, याकडेही लक्ष वेधले. मुलांना परिपत्रक समजणार नाही, पण ‘फुकट उसने कोण देतो?’ हा प्रश्न समजतो.

पूर्वी दुकानात नाणी मोजून द्यावी लागत. मूठ हलकी झाल्याचे हाताला कळे. आता चौकटीवर मोबाईल धरला की पैसे जातात आणि हाताला काहीच कळत नाही. ही सोय वाईट नव्हे. परंतु हाताने जे कळत होते ते आता वहीने कळवून घ्यावे लागेल. म्हणून प्रत्येक मुलाने एका महिन्यापुरती स्वतःच्या हातून झालेल्या खर्चाची नोंद ठेवावी. चार रकाने पुरेत : तारीख, वस्तू, पैसे, आणि ‘आठ दिवसांनी काय वाटते?’ चौथा रकाना आठ दिवसांनीच भरावयाचा. मी पाहिलेल्या वह्यांत त्या रकान्यात ‘मोडले’, ‘आठवत नाही’, ‘भावाला दिले’, ‘अजून वापरतो’ असे एकदोन शब्द असतात. त्यांवर शिक्षकाने वेगळे भाष्य करण्याची गरज पडत नाही. ज्या मुलाच्या हातात पैसे येतच नाहीत, त्याने घरातील एखाद्या वस्तूचा वापर नोंदवावा : पेन्सिल किती दिवस पुरली, साबणाची वडी किती दिवस टिकली. म्हणजे त्याची वही कोरी राहणार नाही.

इतिहासाशी अनुबंध

चौथीत शिवचरित्र शिकून आलेल्या मुलांना महाराजांचे एक पत्र सांगण्याजोगे आहे. राज्याभिषेकाच्या तोंडावर, १६७४ च्या मे महिन्यात, चिपळूण भागात छावणी करून असलेल्या लष्करातील अधिकाऱ्यांना ते पाठविले गेले. पावसाळ्यासाठी दाणागोटा आणि वैरण साठविलेली आहे, ती आजच मनास येईल तशी उधळली तर पुढे मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, असे त्यात बजावले आहे. पत्र एवढ्यावर थांबत नाही. साठा संपला की शिपाई कुणब्याच्या घरी जाऊन दाणे, भाकरी, गवत, भाजी उचलतील, आणि मग रयतेला मोगल परवडले असे वाटेल, ही त्यामागची खरी चिंता आहे. रात्री जळते दिवे ठेवू नयेत, उंदराने वात नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. माझ्या मते काटकसरीवरील इतका उत्तम पाठ आपल्या भाषेत क्वचितच असेल. आपण बेहिशेबी वापरतो तेव्हा त्याची भरपाई कोणाच्या तरी अंगणातून होते, हा मुद्दा आजच्या पाण्यालाही लागू पडतो. उशाला विहीर असणाऱ्याने मोटर सोडून ठेवली की वरच्या आळीतील बायकांना हंडा घेऊन कोठवर जावे लागते, हे मुलांना ठाऊक असते.

गाडगेमहाराजांचे चरित्रही येथे उपयोगी पडेल. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. अंगावर चिंध्या जोडून केलेले वस्त्र आणि हाती वा डोक्यावर मातीचे गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच. परंतु त्यांच्या नावे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे उभ्या राहिलेल्या धर्मशाळा पाहिल्या म्हणजे हा माणूस पैशाला भीत नव्हता, हे ध्यानात येते. स्वतःवर न केलेला खर्च त्यांनी दुसऱ्याच्या निवाऱ्याकडे वळविला. ऋण काढून सण करू नका, देवाच्या नावे कर्ज काढू नका, प्रसंगी ताटावाचून जेवा पण मुलांना शिकवा, असे ते कीर्तनातून सांगत. आपणा शिक्षकांना त्यांच्यापासून घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे त्यांची पद्धती. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेत, आणि त्या उत्तरावर पुढचा प्रश्न रचीत.

दुरुस्तीचा तास

कार्यानुभवाचे दोन तास यासाठी राखून ठेवावेत. गावातील एखाद्या आजींना शाळेत बोलवावे आणि गोधडी कशी शिवतात ते त्यांच्याकडून पाहावे; काही भागांत तिला वाकळ म्हणतात. जुनी लुगडी, धोतरे थरावर थर पसरून कडेपासून आत धावदोऱ्याने शिवत जावयाचे, विरलेल्या जागी रंगीत तुकडा लावावयाचा. या वस्तूत एकही पैचे नवे कापड नसते आणि तरी ती दरिद्री दिसत नाही. प्रत्येक तुकडा कोणाच्या लुगड्याचा, हे आजी सांगतील. तो भाग घाई न करता ऐकावा. इतर मुलांनी तोपर्यंत गुंड्या लावाव्यात, दप्तराचा उसवलेला बंद शिवावा, सुटलेल्या पुस्तकांना खळ लावून पुठ्ठा घालावा, पेन्सिलीच्या खुंटाला कागदाची नळी करून ती लांब करावी.

या तासानंतर जो बदल दिसतो, तो मला हिशेबवहीपेक्षाही मोलाचा वाटतो. उसवलेले दप्तर झाकून बसणारा मुलगा, स्वतः घातलेले टाके शेजाऱ्याला दाखवू लागतो. दप्तर तेच असते. मात्र टाके सर्व मुलांनी घालावेत. फाटके ज्याचे आहे त्यानेच शिवावे, असे केल्यास ती शिक्षा ठरेल. शिक्षकांनीही आपल्या सदऱ्याची एखादी गुंडी त्याच वेळी वर्गात बसून लावावी.

शिक्षकांविषयी थोडे बोलणे भाग आहे. आपले वेतन दरमहा ठरलेले असते म्हणून आपल्या दारात हप्तेवाला सर्वांआधी येतो. पतसंस्थेचे कर्ज, गाडीचा हप्ता, मुलाच्या शिकवणीचे शुल्क, घराचे कर्ज अशी कपात होता होता हाती काय उरते, हे वेतनपत्रक सांगते. घर आणि मुलांचे शिक्षण यांसाठी कर्ज काढणे अनेकांना अपरिहार्य असते, त्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु वरील चार रकान्यांची वही मुलांबरोबर आपणही महिनाभर ठेवावी, चौथ्या रकान्यासह. ती कोणास दाखविण्याची आवश्यकता नाही. वर्गातील गावकऱ्यांच्या मुलांना गुरुजींच्या गाडीचा नमुना, मोबाईलचा नमुना पाठ असतो, हे मात्र विसरू नये.

हा पाठ दिवाळीच्या सुटीनंतर, दुसऱ्या सत्राच्या आरंभी घ्यावा. सुटीपूर्वी घेतल्यास घरोघरी सणाच्या तोंडावर मुले आईशी वाद घालतील आणि सणाचा विरस होईल. सुटीनंतर हातात नवी खेळणी, कपडे आणि मोडलेल्या वस्तू अशी सर्व सामग्री आयती असते. विषयप्रवेश व गोष्ट एका तासात, गणिताचा भाग दोन तासांत, इतिहास एका तासात आणि दुरुस्ती दोन तासांत होईल. वही महिनाभर चालेल. वह्यांना गुण देऊ नयेत, त्या परिपाठात वाचून दाखवू नयेत, आणि महिना संपताच ज्याची त्यास परत कराव्यात. फळ्यावरील यादीसंबंधी मुलांत झालेल्या वादांतील एकदोन उत्तम मुद्दे, मुलांची नावे न घालता, पुढील केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत लिहून आणावेत.